गल्लीतली डोकी

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस, दादाचे अ. उ. आ.

गल्लीची खबर विचारली आहेस. गल्ली जागेवर आहे, माणसं गेली. शिंपीकाका लेकाकडे राहायला गेले. त्यांच्या खोलीत नव्या लोकांचं एक भरलेलं घर आलं. आपल्यातले उरलेत ते म्हातारे, आणि त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नाही. तरी येतात, खुर्चीत बसतात. मी कानामागे कात्री वाजवतो. पैसे घेताना माझीच मान खाली जाते.

नव्यांची डोकी भरगच्च आहेत, पण ती समोरच्या सलूनमध्ये जातात. तिथे त्यांच्यातलाच एक तरुण न्हावी त्यांच्या भाषेत गप्पा मारतो. मालकाने दुकानाचं भाडं वाढवलंय. म्हणतो, गल्लीला आता भाव आला. आपण होतो तोवर नव्हता.

वहिनी बरी आहे. मुलांना पापा.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

कात्री वाजवून पोट भरत नाही. त्यापेक्षा दुकान गुंडाळ आणि इकडे कॉलनीत ये. गल्लीतली निम्मी माणसं इथेच आहेत. जिन्यात भेटली की एकमेकांना ओळखत नाहीत, पण आहेत. केस मात्र सगळे मॉलमध्ये कापतात, हे आधीच सांगून ठेवते.

ह्यांच्या कारखान्यात हल्ली चारच दिवस काम असतं. ते म्हणतात, बरं झालं, आराम मिळतो. आराम करताना ते फार चिडचिड करतात.

हट्ट सोड. वहिनीला तरी विचार, तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझी,
चिमणी

६ एप्रिल

चि. चिमणीस, अ. उ. आ.

वहिनीला विचारायची वेळच आली नाही. मालक दोघांचा एकच, त्यामुळे समोरच्याचंही भाडं वाढलं. तुझ्या वहिनीने नळावर त्यांची भाषा उचलली आहे, भांडण्यापुरती आणि समेटापुरती. तिने त्याला परस्पर सांगितलं की खुर्ची आमच्यात आण, भाडं निम्मं निम्मं. मला कळलं तेव्हा खुर्ची दारात अडकली होती आणि तिचं एक टोक माझ्याच हातात होतं.

मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. आमची भाषा एक नसल्याने त्याच्या ते लक्षात आलं नाही.

आता त्याच्या खुर्चीशी रांग असते. ज्यांना घाई असते ते माझ्याकडे बसतात. काल एकाने मान डोलावून पसंती दिली. मीही डोलावली.

तुझा,
दादा

२८ मे

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

कारखाना बंद झाला. ह्यांनी दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे वय विचारून चहा पाजला. इथली जागा पुढच्या महिनाअखेरीस सोडावी लागेल. घाबरू नकोस, आम्ही बघतोय काहीतरी.

सहज विचारते, वरची माझी खोली मोकळी आहे का? नसली तरी चालेल. वहिनीला यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
चिमणी

२ जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

वहिनीला सांगितलं. वरच्या खोलीत गेल्या महिन्यापासून त्या न्हाव्याची आई त्याला घेऊन राहते. तिच्या भाड्यावरच दुकानाचा माझा वाटा भागतो, म्हणून तुला कळवलं नव्हतं. पत्र खिशात घालून मी दिवसभर गिऱ्हाइकं केली. एकाची एक बाजू जास्त गेली.

वहिनीने तुझी हकीकत त्या आईच्या कानावर घातली. म्हातारी बरंच बोलली. त्याचा अर्थ वहिनीने मला एवढाच सांगितला: "लेक माहेरी येतेय आणि तिला खोली नाही, असं कुठे असतं का?" मग म्हातारीने आपली वळकटी उचलली आणि खाली आमच्या स्वयंपाकघरात आणून टाकली. मुलाला दुकानात झोपायला सांगितलं. भाडं ती देतच राहणार आहे. मी नको म्हणालो, पण या घरात हल्ली मला कुणी विचारत नाही.

तेव्हा या. स्टेशनवर सामानाला तो येईल. तुला ओळखायचं कसं, हे मी त्याला हातवारे करून सांगितलंय. तो हसत का होता, कळलं नाही. पहिले दोन दिवस गल्लीत परकं वाटेल. मलाही वाटतं. मग कुणीतरी जेवायला हाक मारतं.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो आहे, असं धरून चालतो.

तुझा,
दादा