आमच्या घराण्यात सवलत नाही

४ सप्टेंबर २०१६, रविवार. सकाळी

काल वनजाच्या शाळेतून फॉर्म आला. दहावीच्या परीक्षेत तिला जादा वेळ आणि लेखनिक मिळावा, असा अर्ज. म्हणजे वनजा उत्तरं सांगणार आणि दुसरंच कुणी लिहिणार! कारण काय, तर डिस्लेक्सिया. तपासणाऱ्या बाईंनी दोन तास पोरीला खेळवलं आणि सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण वाचन-लेखन तिला जड जातं, त्यात तिचा दोष नाही. मी विचारलं, आमच्या वेळी कसं नव्हतं हे? बाई म्हणाल्या, होतं, नाव नव्हतं. उर्मट.

सही करणार नाही. आमचे मूळपुरुष मानाजीराव म्हैसूरच्या घोडदळात स्वार होते. इथल्या लष्कर मोहल्ल्यात घर उगाच नाही आमचं. या घराण्यात आजवर कुणी सवलत मागितलेली नाही.

अर्जाची मुदत २८ ऑक्टोबर. तोवर पोरगी पेपर घडाघडा वाचेल. हा आळस आहे, दुसरं काही नाही.

५ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मुहूर्त चांगला. उद्यापासून लष्करी शिस्त. पहाटे पाचला उठणे (दोघांनी). दहा पानं शुद्धलेखन. मोठ्यानं वाचन. सहा बदाम. टीव्ही बंद.

बायकोला वाचून दाखवलं. इंदिरा फक्त हं म्हणाली. बायकांना योजना कळत नाहीत.

६ सप्टेंबर, मंगळवार

गजर झाला. वनजा उठली. मी पावणेआठला. नंजनगूडच्या फॅक्टरीत अख्खं स्टोअर्स एकट्यानं सांभाळायचं म्हणजे झोप लागतेच माणसाला. बदाम मी खाल्ले, भिजवलेले वाया जातात.

इंदिरा सकाळीच शाळेत जाऊन आली. कशाला, ते विचारायचं राहिलं.

११ सप्टेंबर, रविवार

वाचन घेतलं. एका परिच्छेदाला वीस मिनिटं. पहिल्या ओळीत वाचलेला शब्द तिसऱ्या ओळीत पुन्हा आला तर जन्मात न पाहिल्यासारखी बघते. मी ओरडलो. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

मग म्हणाली, अप्पा, तुम्ही वाचा, मी ऐकते. वाचला. पोरीनं अख्खा धडा परत सांगितला, वर माझ्या वाचनातल्या दोन चुका काढल्या. या बडबडीला मार्क मिळत नाहीत, असं तिला खडसावलं.

१९ सप्टेंबर, सोमवार

शुद्धलेखनाची वही तपासली. पानं रोज दहाच. कुठल्याकुठल्या वेळी उठून लिहिते कोण जाणे. खोडून खोडून एका पानाला भोक पडलंय, त्यातून मागचं पान दिसतं. त्या मागच्या पानालाही भोक.

थोडा वेळ वही हातातच राहिली. हल्ली कागदाचा दर्जा फार घसरलाय. वही बदलणार.

२५ सप्टेंबर, रविवार

दसऱ्याची साफसफाई. सनद खाली काढून पुसली. हॉलमध्ये काचेच्या फ्रेममध्ये असते, मोडी लिपीतली, वर मधोमध कट्यारीचं राजचिन्ह. दर आयुधपूजेला तलवारीशेजारी ठेवून मी पाहुण्यांना वाचून दाखवतो की मानाजीरावांनी एका खिंडीत एकट्यानं दोनशे शत्रू रोखले, म्हणून महाराजांनी ही सनद दिली. माझे वडील शंभर सांगायचे. संशोधनानं आकडा वाढतो.

मला मोडी येत नाही, हे खरं. पण मजकूर पाठ असल्यावर लिपीचं काय नडतं?

वनजा फडकं घेऊन फ्रेमपुढे उभी राहिली आणि म्हणाली, अप्पा, हे उलटं टांगलंय ना, अल्वा? अक्षरं रेघेखाली लटकायला पाहिजेत, ही रेघेवर उभी आहेत. हसून पुरेवाट झाली. जिला धडधडीत सुलटी अक्षरं वाचता येत नाहीत, ती मला उलटं-सुलटं शिकवणार! तीन पाहुण्यांना फोन करून सांगितलं. इंदिरा सुम्निरी म्हणाली, म्हणजे मी गप्प बसावं. वनजा आत गेली, जेवायला आली नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

समोर साताऱ्याचे गंगाधरराव राहायला आलेत. निवृत्त मास्तर, मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये. आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. पण मोडी वाचतात म्हणे. आयुधपूजेला बोलावलं. सनद तेच वाचतील. साताऱ्याच्या माणसाच्या तोंडून ऐकलं म्हणजे पोरीला कळेल आपण कोणाच्या पोटी जन्मलो ते.

१० ऑक्टोबर, आयुधपूजा

स्कूटर धुतली, तलवारीला हळदकुंकू लावलं, कोहळा फोडला. पंधरा पाहुणे.

गंगाधररावांनी चष्मा लावला, फ्रेम हातात घेतली आणि उलटी केली.

मग वाचलं. सनद नाही, अर्ज आहे. मानाजीराव स्वार विनंती करतात की गुडघे धरले आहेत, घोड्यावर मांड बसत नाही, तरी मोहिमेतून सवलत देऊन पागेवर ठेवावे. खाली निशाणी कट्यारीची. हे काय, असं कुणीतरी विचारलं. गंगाधरराव मास्तरच, खुलासा करत बसले. सही करता येत नसे तो शिपाई कट्यार काढायचा. मजकूर लेखनिक लिहायचा. या लेखनिकाचं अक्षर मात्र फार सुरेख आहे म्हणाले.

समासात दुसऱ्या हातानं लिहिलंय, अर्जाप्रमाणे करावे.

वनजा हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं पाहुण्यांना पायसम् वाढलं.

११ ऑक्टोबर, विजयादशमी

मिरवणूक पाहायला गेलो नाही. गुडघे दुखत होते.

विचार केला. गंगाधररावांचं वाचन चुकलं असणार. वय झालं. मी स्वतः मोडी शिकून सनद वाचणार आणि त्यांना तोंडावर पाडणार. चार दिवसांचं काम.

१६ ऑक्टोबर, रविवार

गंगाधररावांकडून अक्षरांचा तक्ता आणला. हेतू सांगितला नाही. सगळी अक्षरं एकसारखी. एक ओळखलं की दुसरं त्याचं सोंग घेऊन येतं. छपाई वाईट.

२३ ऑक्टोबर, रविवार

तीन तास. पहिल्या ओळीतले चार शब्द लागले. त्यातला एक दुसऱ्या ओळीत पुन्हा आला, तर ओळखेना. डोकं दुखून उलटी येईल असं झालं. गंगाधरराव शेजारी बसून बोटानं टिचक्या मारत होते आणि म्हणाले, सोपं आहे हो, जरा लक्ष द्या.

त्यांचा गळा धरावासा वाटला. मी लक्षच देत होतो!

घरी आलो. वनजा टेबलाशी शुद्धलेखन करत होती. मला बघून तिनं पानावर हात ठेवला. माझी मुलगी मला भिते. मी हे केलंय, आळसानं नव्हे, रोज नेमानं.

तिला म्हटलं, बस आता. ती म्हणाली, अप्पा, दोन पानं राहिलीत.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी

रजा टाकली. कोट घातला, चांगलं पेन घेतलं आणि शाळेत गेलो. रस्त्यात भाषण जुळवलं की घराण्याची रीत मोडून, काळजावर दगड ठेवून, एक बाप सही करतोय.

ऑफिसात कारकून नरसिंहमूर्ती होते. भाषणाचं पहिलं वाक्य झाल्यावर त्यांनी फाईल काढली. अर्ज सहा सप्टेंबरलाच आलाय, आईच्या सहीनं. मंजूरही झालाय. वडिलांची सही लागत नाही, जागा असते एवढंच.

त्यांनी काउंटरवरून फॉर्म दाखवला. ती जागा कोरी होती. शेजारी पेन्सिलीनं बारीक फुली केलेली, सही कुठे करायची ते दाखवायला. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाले, तुमच्या मुलीची. अप्पा येतील म्हणाली होती.

सात आठवडे ती फुली तिथे होती.

पेन काढलं. डोळ्यांपुढे रेघ हलत होती. फुलीवर सही केली.

नरसिंहमूर्ती हळूच म्हणाले, सर, कागद उलटा होता.