हिरव्या दोऱ्याच्या बाटल्या

९ फेब्रुवारी
ही गेल्यानंतर आज पुन्हा कामावर रुजू झालो. लाँड्रीचं स्टोअर मी लावून गेलो होतो तसंच आहे. ब्लीचचे ड्रम एका खोलीत, आम्लाचे कॅन दुसरीत. कोणी काही विचारलं नाही. झाडूवाल्या मावशी तेवढ्या म्हणाल्या, "आता उन्हाळ्यात आम्हाला सरबत कोण पाठवणार, भाऊ?" आणि डोळे पुसत निघून गेल्या.

१२ फेब्रुवारी
वहिनी घर आवरायला आल्या. ओट्याखाली हिने धुऊन ठेवलेल्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. प्रत्येकीच्या गळ्याला हिरवा दोरा – सरबत नेणारे बाटल्या परत करत नाहीत म्हणून खूण! वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढा कचरा तरी टाकू द्या." टाकवेना.

१३ फेब्रुवारी
एक बाटली कामावर नेली. मशीनमधला क्षारांचा थर काढायचं आम्ल मोठ्या कॅनमधून ओतताना सांडतं. ते पाण्यात मिसळून हिच्या बाटलीत भरलं, स्टोअरमधल्या टेबलावर ठेवलं. चिठ्ठी लावली नाही. मलाच तर वापरायचं. बरं वाटलं. हिचं काहीतरी रोज हाताशी राहील.

१९ फेब्रुवारी
मावशींनी ती बाटली तोंडाला लावली. लगेच थुंकल्या, तरी तोंड आणि घसा भाजला. दवाखान्यात आहेत. बोलता येत नाही.

मॅनेजर ओरडत होते – "घरची मोरी घासायला चोरून भरली, आणि विसरून स्वतःच प्यायली! बरी होऊ दे, मग कायमची सुट्टी." मशीनवाला म्हणाला, "निदान झाकण उघडून वास तरी घ्यायचा! मावशी म्हणजे ना..." दोघं-तिघं हसले. मग मॅनेजर माझ्याकडे वळले. एकदम हळू आवाजात – "काका, तुम्ही याचा त्रास करून घेऊ नका. तुमच्यामागे आधीच काय कमी आहे?"

मी मान हलवली. मान हलवली!

खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन भरू नये – स्टोअरच्या दारावरची ही पाटी मीच रंगवली आहे.

२० फेब्रुवारी
बोललो नाही.

२१ फेब्रुवारी
आजही नाही. दुपारी मॅनेजरांनी स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला. प्यायलो.

२३ फेब्रुवारी
दवाखान्यात जाऊन आलो. मावशींचा आवाज फुटतो आहे, घोगरा. थांबत थांबत बोलल्या. "दोरा ओळखला मी. वाटलं, बाईंच्या हातचं शेवटचं सरबत तुम्ही जपून ठेवलंय. नासलं असलं तरी असू दे म्हटलं – एक घोट. विचारून घ्यायला हवं होतं. चुकलं माझं."

मी काही म्हणणार तोच – "बाटली कुणाची ते मी सांगितलेलं नाही हं, भाऊ. तुमच्या घरात एवढं झालंय."

माझीच समजूत घालत होत्या! मी त्यांच्या पांघरुणाची घडी सारखी करत बसलो.

२४ फेब्रुवारी
मॅनेजरांना सांगितलं. सगळं. "हे कशाला उकरता, काका?" म्हणाले. मी स्टोअरची किल्ली टेबलावर ठेवली. मावशींना काढणार नाहीत. माझं काय ते कळवतील.

घरी येऊन उरलेल्या बाटल्यांचे दोरे सोडवले. दाभण तापवून एकेकीच्या बुडाला भोक पाडलं. शेवटचीत पाणी भरून पाहिलं. सगळं गळून जाईपर्यंत मोरीपाशी उभा होतो.