बियाण्याच्या खोक्यात सील झालेली सनई

प्रति,
मा. पथकप्रमुख,
बियाणे तपासणी भरारी पथक,
तात्पुरते कार्यालय, कापूस गोदाम.

विषय : बियाणे समजून सील केलेला सिंथेसायझर, त्यातले सूर मरण्याआधी एकदा उघडून देणेबाबत.
संदर्भ : उत्तमराव यांच्या कृषी केंद्रातील जप्तीचा पंचनामा व अर्जदाराचे आजवरचे हेलपाटे.

महोदय,

अर्जदार हर्षल पुंजाजी लहाने, राहणार डोणगाव, हा लग्नाच्या बँडात सिंथेसायझर वाजवतो व उरल्या वेळात त्याच वाद्यासाठी कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअर तयार करतो. पथकाच्या कामाबद्दल त्याची काडीचीही तक्रार नाही. बोगस बीटीपायी गेल्या साली त्याच्या वडिलांच्या रानात अर्धे बी उगवलेच नाही. उगवले ते बोंडअळीने खाल्ले. म्हणून धाड पडल्याचा त्याला आनंदच झाला, आणि तो आनंदच त्याला भोवला.

१. वाद्य नेण्याची मूळ पेटी फुटल्याने अर्जदार ते बीटी कपाशीची रिकामी खोकी जोडून, सुतळीने आवळून लग्नाला नेत असे. आमच्याकडे रुखवतसुद्धा बियाण्याच्या खोक्यातून जाते, साहेब. पत्र्याच्या खोलीत वाद्य तापते म्हणून ते उत्तमरावांच्या गोदामात ठेवले होते. पथकाने पंच मागितला तेव्हा अर्जदार हौसेने पुढे झाला व न वाचता सही ठोकली. खोक्यावर 'बीटी कपाशी' छापलेलेच होते, त्यामुळे कुणी उघडून पाहिले नाही. आपल्याच वाद्याच्या जप्तीचा आपणच साक्षीदार झालो, हे त्याला संध्याकाळी तालमीच्या वेळी कळले.

२. या वाद्यातले सूर मेहबूबचाचांनी घडवलेले आहेत. ते अर्जदाराचे उस्ताद. वाद्यावरच्या दोन ओळींच्या इवल्या खिडकीत डोळे घालून, एकेक आकडा फिरवत त्यांनी त्यात सनई उतरवली. आता लकव्याने त्यांचा उजवा हात गेला आहे. म्हणून अर्जदाराने सनईचे सारे आकडे कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकदम दिसतील, माउसने ओढून बदलता येतील, असे सॉफ्टवेअर केले. चाचा बाजेवरून सांगत, "नाकात घे बे अजून, अजून," आणि अर्जदार ओढत असे. परंतु सूर राहत वाद्यातच; ते कॉम्प्युटरात उतरवून घेताना सॉफ्टवेअर मध्येच अडे. त्यातली चूक सापडली, पण जप्तीनंतर! नशीब म्हणतात ते हेच.

३. बंद वाद्यातले सूर आतल्या एका छोट्या सेलवर जगतात. जप्तीआधी शेगावच्या एका लग्नात वाजवतानाच तो सेल संपत आल्याची खूण दिसू लागली होती. आधी सूर उतरवल्याशिवाय सेल बदलता येत नाही. काढला की सारे पुसले जाते. हे आपले लिपिक भगवंतराव यांना सांगितले असता त्यांनी वाणाचे नाव व लॉट क्रमांक विचारला. पुढच्या खेपेस ते म्हणाले की, माल बियाणे असल्याचे पंच या नात्याने अर्जदारानेच मान्य केले आहे, सबब तक्रार त्याच्याच सहीविरुद्ध ठरते. काल कळले की उगवणशक्तीचा अहवाल आल्याखेरीज काहीही सुटणार नाही. वाद्य उगवत नाही, हे अर्जदार लेखी देण्यास तयार आहे. नमुना घ्यावाच लागला तर डाव्या टोकाची पट्टी घ्यावी. ती तशीही चिकटते.

४. अर्जदाराला वाद्य घरी नकोच. सील आपल्या समक्ष उघडावे, तो कॉम्प्युटर व केबल घेऊन गोदामात येईल, सूर उतरवील, लगेच पुन्हा सील करावे. पंच मात्र दुसरा घ्यावा.

५. चाचा रोज विचारतात, "काऊन बे, पेटी आली का? सरकारले सनई कायले पाह्यजे?" तपास चालू आहे, असे अर्जदार सांगतो. सेलचे त्यांना सांगण्याची त्याची छाती झालेली नाही.

६. तरी आजच्या आज उघडावे, ही हात जोडून विनंती. मात्र उघडल्यावर वाद्य कोरे निघाले, तर ते परत देऊ नये. सील पुन्हा लावून तसेच राहू द्यावे. चाचा आहेत तोवर तपास चालूच ठेवावा.

आपल्या दारात बसलेला,
आपला नम्र,
हर्षल पुंजाजी लहाने
(अर्जदार तथा पंच)
डोणगाव, दि. २१ जून २०१८

सोबत : केबल एक, नवा सेल एक.