नदीकाठची पाटी

क्लौस्टुर, आइसलँड
११ मे १९९६

चि. इंगा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जुलैत तू आणि तुझा डंकन येताय हे ऐकून तुझ्या आतोबांनी, टॉर्फीने, चक्क पेपर खाली ठेवला. त्याच्या हिशेबाने हे नाचण्यासारखंच. माझ्या भावाची लेक पहिल्यांदाच बापाचा देश बघणार, तीही भाड्याच्या गाडीतून! म्हणजे तू पर्यटकच, तेव्हा चार गोष्टी ऐक.

गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा, नाहीतर वारा ते मोडेल आणि दार मांडीवर घेऊन फिरावं लागेल. रस्त्याच्या एका कडेला मेंढी आणि दुसऱ्या कडेला कोकरू दिसलं की थांबायचं. कोकरू आईकडे धावणार म्हणजे धावणारच. पोहण्याच्या तलावात उतरण्याआधी साबणाने अंघोळ करायची, अंगावर चिंधीही न ठेवता. डंकन लाजत असेल तर सांग, त्याच्याकडे बघायला तिथे कुणाला सवड नाही. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. गरम नळाला अंड्याचा वास येतो, पण त्याने कुणी मरत नाही.

मरतात ते नदीत. आतल्या वाटांवर पूल नाहीत. हिमनदीचं पाणी सकाळी गुडघ्याएवढं असलं तरी दुपारी कमरेला लागतं. एकटी गाडी पाण्यात घालायची नाही. दुसरी येईपर्यंत काठावर थांबायचं, नाही आली तर मुकाट्याने परत फिरायचं. टॉर्फी इथल्या बचाव पथकात आहे. तो काय काय ओढून काढतो, ते तुला लिहीत नाही.

दादाला नमस्कार सांग. तुमच्या पांघरुणांना ऊन दाखवतेच आहे.

तुझी,
हुल्डाआत्या

गिम्ली, कॅनडा
२ जून १९९६

ती. हुल्डाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. डंकन म्हणतो, तुझी आत्या पर्यटकांनाच कोकरं समजते. तो दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेतो, ओढ्यानाल्यांना कुठला घाबरतोय! मी म्हटलं, अरे बाबा, गोठलेलं पाणी वाहत नाही. अंघोळीचा भाग मात्र त्याने स्वतः दोनदा वाचला.

बाबांना विमान झेपणार नाही. माझ्या वाटचंही बघून ये म्हणाले आणि अंगणात निघून गेले. लाकीची ज्वालामुखीची तोंडं बघून आम्ही अठरा जुलैला, गुरुवारी संध्याकाळी, जेवायला तुझ्याकडे पोचू. आतोबांना सांग, मला मटणाचं सूप हवंय.

भेटीची वाट बघणारी,
इंगा

क्लौस्टुर
२१ जुलै १९९६

ती. ऑस्कारदादास,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: दोघं सुखरूप आहेत, या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात भांडी विसळताहेत. इंगाने फोनवर तुला मजा आली एवढंच सांगितलं. उरलेलं मी लिहिते.

गुरुवारी सूप उकळून निम्मं झालं तरी यांचा पत्ता नाही. तेवढ्यात पथकाचा निरोप आला. लाकीच्या वाटेवर नदीत एक पांढरी भाड्याची गाडी कलंडली आहे, आत कुणी नाही. यांचीही गाडी पांढरीच. टॉर्फी माझ्याकडे न बघता बूट चढवू लागला, त्यावरून मी काय ते समजले. म्हणाला, तू घरी थांब. मी म्हटलं, घरी बसून सूप ढवळू का?

काठाकाठाने हाका मारत चाललो. लहानपणी डोंगरावरून मेंढरं उतरवताना मी तुला हाका मारायची, तसा आवाज लावला होता. एकदा तर इंगाऐवजी तुझंच नाव तोंडातून गेलं. शेवटी पलीकडे खडकाच्या आडोशाला दोन माणसं दिसली. पथकाच्या मोठ्या गाडीने त्यांना अलीकडे आणलं. कुडकुडणारे दोन परके विद्यार्थी होते. आपली नव्हेत! मला आधी आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली. माझा कोट मी त्यांच्या अंगावर घातला. पण मग आपली पोरं कुठे?

तेवढ्यात टॉर्फीचा वायरलेस खरखरला. खालच्या शेतावरची गुडनी विचारत होती, कुणी कॅनडावाल्यांना शोधतंय का? दुपारपासून माझ्याकडे बसलेत आणि पॅनकेक संपवताहेत!

झालं होतं असं. त्याच नदीशी ही दोघं पोचली. थांबली. दुसरी गाडी येईना. डंकन विजार काढून पाणी बघायला उतरला आणि निळा पडून वर आला. तेव्हा इंगाने किल्ली घेतली, गाडी वळवली आणि पहिलं घर दिसलं तिथे त्याला चुलीपाशी नेऊन बसवलं.

मी त्या घरात शिरले तेव्हा डंकनला आधी मिठी मारली की चापट, यावर अजून वाद आहे. तो म्हणतो, दोन्ही एकदम. मी ओरडले, फोन का नाही केलात? इंगा बिचारी रडवेली होऊन म्हणाली, आत्या, थांबा लिहिलंस, थांबलो. परत फिरा लिहिलंस, फिरलो. फोनचं तू लिहिलंच नव्हतंस गं!

टॉर्फीने उभ्या उभ्या एक पॅनकेक खाल्ला आणि बाहेर गेला. बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी आत आला. वारा फार आहे म्हणाला. दादा, पानही हलत नव्हतं.

पोरगी तुझ्यासारखीच हट्टी आहे. देव करो नि तशीच राहो.

तुझी धाकटी,
हुल्डा

क्लौस्टुर
८ सप्टेंबर १९९६

चि. इंगा व चि. डंकन यांस,
अ. उ. आशीर्वाद.

फोटो मिळाले. तलावाच्या फोटोत डंकन हनुवटीपर्यंत पाण्यात का, हे आम्ही विचारत नाही.

तुम्ही गेल्यावर टॉर्फीने त्या नदीकाठी एक पाटी रोवली. त्याच्या मोडक्या इंग्रजीत लिहिलंय: थांबा. दुसरी गाडी आली नाही तर परत जा. परत गेलात की कळवा. खाली आमच्या घरचा नंबर, तोही मला न विचारता! मी खूप बडबडले, आता जगभरच्या लोकांचे फोन मी घेत बसू का? तो म्हणाला, घे की.

आणि खरंच येतात गं. एका जर्मन माणसाला वाटलं ही सरकारी सक्ती आहे, त्याने नाव, गाव, जन्मतारीख सगळं सांगितलं. एक बाई कुठल्याशा भाषेत नुसती रडत होती. मी सगळ्यांना एकच सांगते, बरं केलंत हो, आता काहीतरी गरम खा. कळो न कळो.

आता थंडी पडायला लागली, वाटा बंद होतील. काल दिवसभर फोन वाजला नाही, तेव्हा टॉर्फीने दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून. जेवायच्या वेळी वाजला. जन्मात फोन न घेणारा हा माणूस माझ्याआधी धावला. कान देऊन ऐकलं, इंग्रजीत बरं म्हणाला आणि ठेवला. मला म्हणाला, फिरले परत. मग खुर्ची ओढून निवांत जेवायला बसला.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका, आणि कुठेही पोचलात की कळवत जा.

तुमची,
हुल्डाआत्या