एकाच्या बदल्यात एक

३ मार्च, सोमवार

बाबांनी हो म्हणून टाकलं. मला विचारलं नाही. आईलाही आजच कळलं, कपडे वाळत घालताना, तेही बाबा पाठमोरे उभे राहून बोलले म्हणून.

सीमेपलीकडून एक म्हातारा येणार आहे. फाळणीआधी या घरात त्याचं कुटुंब राहत होतं. त्याला घर बघायचं आहे आणि आठ दिवस इथेच राहायचं आहे. घर म्हणजे हे — आमचं! फाळणीत आजोबांचं घर तिकडे राहिलं, म्हणून सरकारने त्यांना हे रिकामं पडलेलं दिलं. मी याच घरात जन्मलो.

बाबा हो का म्हणाले ते उघड आहे. दोन्ही देशांची बोलणी सुरू झाल्यापासून फाटक उघडलंय, पण नियम कडक आहे. तिकडचा एक माणूस आत आला, तरच इकडचा एक बाहेर. परततानाही तसंच, दोघे एकाच वेळी, समोरासमोरून. आणि जो पाहुण्याला ठेवून घेईल, त्याच्याच घरच्या माणसाला जायला मिळणार. बाबांना त्यांचं गाव बघायचंय. सहा वर्षांचे होते, तेव्हा तिथून निघाले.

दुकानात मालकांना सांगितलं. म्हणाले, "सायकल भाड्याने देताना हातातलं घड्याळ ठेवून घेतात, तसं दिसतंय हे."

यात घड्याळ कोण, असं मी विचारलं.

"तुझा बाप. नीट पुसून पाठव."

५ मार्च, बुधवार

दुकानात मोठं काम आलंय. सीमेच्या फाटकावर लावायची पाटी: ‘मैत्री फाटक — आपले स्वागत आहे’. पाट्या रंगवणारे आम्ही तिघं. मालक, मी आणि एक जुना कारागीर. त्याला सगळे टर्पेंटाइन म्हणतात, कारण तो गल्लीच्या टोकाला असतानाच वासावरून दुकानात कळतं. नववीत शाळा सुटली तरी मजकूर तपासणं आणि खडूने अक्षरं आखणं माझ्याकडे असतं. मी शब्दकोश बघितल्याशिवाय ब्रश उचलत नाही, यावरून दोघंही हसतात.

टर्पेंटाइन म्हणाला, "मैत्रीला पक्का रंग लावायचा की धुऊन जाणारा?"

मालक म्हणाले, "सरकारी काम आहे. दोन्ही डबे उघडून ठेव."

९ मार्च, रविवार

पेपरात कराराचा मसुदा आलाय. मालमत्तेबद्दल एकच वाक्य: ‘दोन्ही बाजूंना मागे राहिलेल्या घरांचा व जमिनींचा प्रश्न योग्य वेळी विचारात घेतला जाईल.’ पुन्हा पुन्हा वाचलं. योग्य वेळ कोण ठरवणार? विचारात घेणं म्हणजे परत देणं का? एवढा मोठा करार, आणि आमच्या चार भिंती एका वाक्यात कोंबल्यात.

माझं जिच्याशी लग्न ठरलंय, तिचे वडीलही पेपर वाचतात. संध्याकाळी आले. लग्न मेमध्ये आहे. म्हणाले, "मोडतोय असं नाही हं. पण आधी घराचं काय ते कळू दे. मुलगी कुठे द्यायची, ते तरी माहीत हवं ना?" चहा अर्धाच घेतला. आई म्हणाली, गरम असेल. गरम नव्हता.

१२ मार्च, बुधवार

मागची खोली लग्नानंतर आमच्या दोघांसाठी म्हणून मीच चुना मारून घेतली होती. आता तिथे पाहुणा झोपणार. खाट लावली. बाकी काही ठेवलं नाही. त्याला फार बरं वाटता कामा नये.

शिवाय दारावर नावाची पाटी लावली. बाबांचं पूर्ण नाव, खाली माझं. पांढऱ्यावर निळा, कडेला दुहेरी रेघ. दुकानातच उरलेल्या पत्र्यावर केली.

आई बाहेर येऊन बघत राहिली. "एवढी मोठी? दवाखाना काढतोयस का?"

१५ मार्च, शनिवार

बाबा गेले. तो आला.

फाटकात दोन्ही बाजूंना शिपाई आणि मध्ये मोकळा रस्ता. एकाने इकडून शिट्टी दिली, दुसऱ्याने तिकडून. बाबा निघाले. समोरून एक उंच, वाकलेला म्हातारा, हातात कापडी पिशवी. बरोबर मध्यावर दोघं थांबले आणि काहीतरी बोलले. दोन्हीकडचे शिपाई एकदमच ओरडले, चला, चला. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

येताना मी त्याला विचारलं, बाबा काय म्हणाले?

"त्यांनी विचारलं, तिकडे थंडी आहे का. मी म्हटलं, इकडच्याएवढीच."

बोलतो आमच्यासारखंच. फक्त वाक्याचा शेवट लांबवतो.

दारात आल्यावर पाटी वाचत उभा राहिला. मी तयारीत होतो. म्हणाला, "अक्षर सुरेख आहे. कोणाचं?" मला माझं म्हणावं लागलं.

१६ मार्च, रविवार

आईने झापलं. "तो काय, तो? ते म्हण. तुझ्या बाबांना तिकडे कोणी तो म्हणत असेल तर चालेल?"

ते, तर ते. पाणी प्यायचं असलं तरी विचारतात: "वहिनी, पाणी घेऊ का?" ज्या माठापुढे उभे राहून विचारतात, ती जागाही पूर्वी त्यांचीच. मला याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

कामावरून आलो तर ते मागच्या खोलीची भिंत बोटांनी ठोकून बघत होते. मग पावलं टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मोजणी! दारातूनच विचारलं, "काय शोधताय?"

दचकले. "इथे खिडकी होती, पोरा."

"आजोबांनी बुजवली असेल. वारा येत असेल."

"यायचाच," ते म्हणाले. "म्हणून तर ठेवली होती."

आई स्वयंपाकघरातून हसली. मी नाही हसलो. पण चुन्याचा पोपडा तिथेच का सुटतो, ते इतकी वर्षं मला कळत नव्हतं. आज कळलं.

१९ मार्च, बुधवार

बाबांचा फोन आला. आवाज लांबून, मध्येमध्ये तुटत. गाव सापडलं. घरही उभं आहे, वर एक मजला चढलाय. घरात एक विधवा बाई, तिचा मुलगा, सून. माणसं चांगली आहेत, पण बाबांना घाबरतात.

"मी ओट्यावर बसलो तरी तो मुलगा आतून बघत राहतो. काल मी दाराची चौकट नुसती हाताने चाचपली, तर त्याने घराचे कागद आणून माझ्यापुढे ठेवले. मी चहा मागितला होता."

आई हसत सुटली. मी फोन तिच्याकडे दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या मुलाचं वय विचारायचं राहून गेलं.

२० मार्च, गुरुवार

पाटीचा मजकूर बदलला. सरकारी कार्यालयातून निरोप आला, ‘मैत्री’ काढा, नुसतं ‘फाटक’ ठेवा. बोलणी अडली म्हणतात. कुठल्या शब्दावर, ते कोणी सांगत नाही. टर्पेंटाइनने मैत्रीवर पांढरा हात मारला. खालून निळं दिसतच राहिलं. दुसरा हात मारला.

दुपारी ती दुकानाबाहेर भेटली. म्हणाली, माझ्या बाबांचं सोड, तुझं काय? घर गेलं तर तू काय करशील? मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू हे उत्तर नाही. मी भाड्याच्या खोलीतही राहीन. पण रोज रात्री कड्या तपासत फिरणाऱ्या माणसाबरोबर राहणं अवघड आहे."

घरी येताना मनात आलं — फिसकटू देत एकदाची बोलणी. बाबा परत येतील, हे परत जातील, फाटक बंद होईल, आणि कोणी कोणाचं घर बघायला येणार नाही. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिलं.

२१ मार्च, शुक्रवार

एका चौकीवर गोळी चालली. आधी कोणाची, यावर दोन्हीकडचे रेडिओ भांडतायत. बोलणी थांबली. फाटक बंद.

बाबा रविवारी परतणार होते.

२२ मार्च, शनिवार

कार्यालयातला माणूस सकाळीच दुकानात हजर. तीच पाटी, मागची बाजू वापरा, लाल अक्षरात: ‘पुढे जाण्यास सक्त मनाई’. आजच हवी.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करतो. खडूने आखणी केली. मजकूर तपासला. ब्रश बुडवला आणि पहिलीच उभी रेघ वाकडी गेली. पुसली. पुन्हा वाकडी. असं कधी होत नाही. तिसऱ्यांदा मालकांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. स्वतः रंगवायला बसले. टर्पेंटाइन डबे हलवत बसला.

परवाचं पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

२३ मार्च, रविवार

तरीही फाटकावर गेलो. ते म्हणाले, ठरलेली वेळ आहे, आपण आपल्या बाजूने हजर राहू. पिशवी भरून, स्वच्छ कपडे घालून आले. आमची पाटी लागली होती. मालकांचं अक्षर.

शिपायाने हटकलं. ते म्हणाले, "समोरून याचे वडील आले तरच मला जायचंय. दिसले की सांगा." आणि रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही बसलो. समोरून कोणी आलं नाही. एक कुत्रं तेवढं मोकळं पलीकडे गेलं आणि परत आलं.

"त्याला कोणी ठेवून घेतलं नाही वाटतं," ते म्हणाले.

२६ मार्च, बुधवार

फोन लागत नाही. तिकडचे सगळेच लागत नाहीत.

आई दर थोड्या वेळाने दारात जाते. ते बाहेरच्या खोलीत येत नाहीत, आईला आपल्याकडे बघून त्रास होईल म्हणून. हे मला आईनेच सांगितलं. तिने त्यांना हाक मारून बाहेर बसवलं. म्हणाली, "दादा, तुम्ही समोर दिसलात की वाटतं, तेही असेच कोणाच्या घरात बसले असतील. आत लपलात तर मी काय समजायचं?"

२९ मार्च, शनिवार

न्हाव्याकडे त्यांना घेऊन गेलो. दुकानात गर्दी. एकजण मला ऐकू जाईल असं बोलला, "तिकडे आपली माणसं अडकलीत, आणि इथे यांची दाढी." न्हावी म्हणाला, पाहुण्यांनी रांगेत शेवटी थांबावं.

"थांबतो," ते म्हणाले. "या गावात माझं जावळ काढलं तेव्हापासून रांगेत आहे."

कोणाला हसावं की नाही कळेना. न्हावीच आधी हसला. पण परतताना बघितलं, आमच्या दारावरच्या पाटीवर कोणीतरी चिखल फेकला होता. मी पुसायला लागलो. ते म्हणाले, "मी लवकर जायला हवं, पोरा. तुमची पंचाईत होतेय." मी म्हटलं, बसा हो काका. काका कधी म्हणायला लागलो, लक्षात नाही.

३१ मार्च, सोमवार

ती आली. दोघांच्या लग्नाचं काही बोलली नाही. आईशेजारी बसून राहिली. जाताना म्हणाली, वडिलांना सांगून आले नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज त्यांच्या सरकारने त्यांची माणसं न्यायला गाडी पाठवली. आमची माणसं कधी, असं मी अधिकाऱ्याला विचारलं. म्हणाला, ते वेगळं प्रकरण. काकांना हाक आली. ते फाटकापर्यंत गेले, अधिकाऱ्याशी काहीतरी बोलले, आणि पिशवी घेऊन उलटे माझ्याकडे आले. गाडी भरली आणि निघून गेली. पुढची येईल की नाही, कोणी सांगत नाही.

घरी आईला एवढंच म्हणाले, "वहिनी, मी गेलो तर त्यांना कोणाच्या बदल्यात सोडतील?"

पिशवी पुन्हा उघडली. मागच्या खोलीत कपडे अडकवायला काहीच नव्हतं. मी हातोडी घेऊन गेलो आणि विचारलं, खुंटी कुठे ठोकू. त्यांनी हात वर करून दाखवलं, तिथे ठोकली.