ईश्वरी जाणार की राहणार

१४ जून, शनि.
ईश्वरीच्या डोक्यात नुसता उवांचा बाजार. तेल, फणी, औषध, सगळं करून थकले. सोमवारी शाळा. शेवटी खालच्या पार्लरमध्ये नेलं, कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत आणले. सात वर्षांची पोर, हूं की चूं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मावशी, आई ओळखेल ना मला?" मी हसले. ह्यांना कंपनीत फोटो पाठवला. ह्यांचं उत्तर, "कलेक्टर दिसतेय!"

१९ जून
बाल कल्याण समितीकडून समाजसेविका मॅडमचा फोन. आढावा बैठक बुधवारी. ई.ची आई रेखाही येणार. टीबी बरा झालाय, चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागलीय, खोली घेतलीय. लेक परत मागतेय.
चांगली बातमी. पोर सांभाळायला दिलीय, आपली नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दीड वर्षात विसरायला झालं. भाजी करपली.

२५ जून, बुध.
बैठक. रेखा आत आली, ई.ला पाहिलं आणि मटकन खाली बसली. खुर्ची शेजारी असताना.
"ताई, केस कोनी कापले?"
मी उवांचं सांगितलं. ते केस देवीला बोललेले होते. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली पोर. आठवं लागलं की देवीपुढंच उतरवायचे. "मी मरायला टेकले व्हते, तवाबी कात्री लावू दिली न्हाई."
समितीने केलेल्या ई.च्या संगोपन आराखड्यात लसी आहेत, शाळा आहे, अंधाराची भीतीसुद्धा आहे. नवसाचं विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आमचं बौद्ध घर, आम्ही नवस बोलत नाही. मला तरी कुठून सुचणार? पण पोर दुसऱ्याची होती, एक फोन करायला हवा होता.
मॅडम म्हणाल्या, "केस काय, वाढतील." मला त्यांचा रागच आला. रेखाजवळ खाली बसले. "चुकलं माझं." तिने ई.ची मान चाचपली. मग, "उवा तरी काढल्या तुमी. मी जवळ असते तर..."
ठरलं ते असं: दोन शनिवार-रविवार ई. आईकडे. मग पुन्हा बैठक, तेव्हा पक्का निर्णय.

२९ जून, रवि.
हे बाइकवरून चाकणला जाऊन ई.ला घेऊन आले. केसांना दोन इवल्या शेंड्या, लाल रिबिनी. खोलीत पंखा नाही, डास चावले, पण आईच्या पोटावर पाय टाकून झोपली म्हणे. तीनदा सांगितलं. माझ्या पोटात दुखलं, सरळ लिहिते. मग स्वतःचीच लाज वाटली.

६ जुलै, रवि.
दुसरी खेप झाली. आज सोडायला रेखा स्वतः बसने निगडीला आमच्या दारापर्यंत आली. चहाला वर बोलावलं. "ताई, तुमच्याकडं ती निबर झाली, चांगली खातीया." धट्टीकट्टी झाली म्हणून कौतुक होतं की राठ झाली म्हणून काळजी, कळलं नाही. रेखा जाताना ई. जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मी हाक मारली नाही.

८ जुलै, मंगळ.
उद्या बैठक. मॅडमचा फोन, "तुमचंही मत विचारतील." काय सांगू? रेखाची शिफ्ट पहाटेची, तेव्हा पोर कुणाकडे? शाळा मध्येच बदलायची? प्रश्न खरे आहेत. पण ते ई.साठी विचारतेय की माझ्यासाठी...
दप्तर भरता भरता ई.ने विचारलं, "मावशी, मी गेले तर तू रडशील?"
"छे गं."
"खरंच?"
"खरंच."
"मग उद्या ते विचारतील तेव्हा मी आईकडे जायला हो म्हणते."
मला थांब म्हणायचं होतं. पण रडणार नाही असं आत्ताच सांगून बसले होते.