तीर्थाचा रकाना

अण्णा,

आज तुमची तिथी. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून मी लेकच दर वर्षी एक पान वाढते. पानाशेजारचं भांडं मी काठोकाठ भरलं, तर सून म्हणाली, "आई, सांडेल हं." म्हटलं, सांडू दे. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालणारी ही बाई असं कसं म्हणते, म्हणून ती बघतच राहिली. आता जेवणं होऊन सगळे आडवे झालेत. खिडकीच्या पडद्यातून ऊन हिरवट होऊन येतंय, आणि त्या उजेडात बसलं की मला वाटतं, पडदा सारला तर पलीकडे तुमची खाट असेल.

मल्लेश्वरमच्या त्या हॉस्पिटलातला पडदाही असाच हिरवा होता. तुमचं हृदय दमलं होतं, पावलांत पाणी उतरलं होतं, छातीतही साठत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला एकच लिटर पाणी, त्यात दूध, चहा, सारू म्हणजे आपलं सार, सगळं आलं. वॉर्डातल्या मोठ्या कानडी सिस्टरनं खाटेच्या पायथ्याशी एक पत्रक अडकवलं आणि मला विचारलं, "अक्का, लिहायला येतं ना?" मॅट्रिक आहे म्हटल्यावर पेन माझ्या हातात दिलं. आत गेलेलं डावीकडे, बाहेर आलेलं उजवीकडे, तेही मापाच्या भांड्यात मोजून. मला काय, वहीत रेघा मारायला तुम्हीच तर शिकवलं होतं, तुमच्या बाइंडिंगच्या दुकानात, लाकडी पट्टी धरून. घरी वाण्याचा हिशोब लिहावा तसं मी तुमचं पाणी लिहीत होते. एक घोटसुद्धा सुटत नव्हता. सिस्टर दुसऱ्या बायकांना माझं पत्रक दाखवायची आणि मी पदर सावरून बसायची.

रोज सकाळी घरची पूजा आटोपून मी पंचपात्रात तीर्थ घेऊन यायची. तुम्ही आयुष्यात देवळात आलात ते बाहेर चपला राखायला. म्हणून पहिल्या सकाळी मी नुसतंच विचारलं, "अण्णा, तीर्थ?" आणि तुम्ही तळहात पुढे केलात. मी पळी ओतली. दुपारी तुम्ही हळूच म्हणालात, "तीर्थ उरलंय का गं?" दुसऱ्या दिवशी म्हणालात, "एकच पळी? देव तुझ्याइतका चिक्कू नसेल." मी हसले आणि आणखी दिलं. तिसऱ्या दिवशी मी तांब्याच भरून आणला आणि पळीची वाटी झाली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या बायकोला मी सांगितलंसुद्धा, आमचे अण्णा देवाला लागले. यातलं पत्रकात काही नव्हतं. चहा आणि लघवीच्या रकान्यांशेजारी तीर्थ कसं लिहायचं? ते माझ्या दृष्टीनं पाणीच नव्हतं.

चौथ्या सकाळी तुम्हाला काट्यावर उभं केलं, तर वजन दीड किलोनं वाढलेलं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बोलताना तुम्ही दोन शब्दांवर थांबत होतात. डॉक्टर सगळ्यांसमोर सिस्टरवर खेकसले, "पत्रक काय शोभेला लावलंय?" तिनं काटा तपासला, तुमचं वजन पुन्हा घेतलं. मग तुमची चादर बदलताना एकदम थांबली. तुमच्या मानेला तुळशीचं पान चिकटलं होतं, ओलं.

"अज्जा, हे कुठून आलं?"

तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "मीच हट्ट केला, सिस्टर. म्हातारपणी भक्ती लागली. तिला... काय माहीत."

सिस्टर माझ्याकडे वळली. "किती दिलं, अक्का?"

मी तांब्या दाखवला. "तीर्थ म्हणून दिलं हो. पाणी म्हणून नाही."

"देवरु वेगळे, पण अज्जाच्या छातीत हे पण पाणीच." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता तांब्या बाहेर जाणार. तिनं एक सिरिंज आणली, माझी पळी मागून घेतली आणि सिरिंजनं भरून मोजली. पाच मिलि. पत्रकावर पट्टीशिवाय एक वाकडी रेघ ओढून नवा रकाना केला आणि म्हणाली, "आधी देवरु, मग चहा. तीन पळ्या. सरी, ठीक?" तुम्ही म्हणालात, "स्वल्प जास्त?" ती हसली, पण चौथी दिली नाही. मग तिनं बोटाला ओली पट्टी गुंडाळून तुमची जीभ, हिरड्या, ओठांचे कोपरे कसे पुसायचे ते मला शिकवलं. तुम्ही डोळे मिटून घेतले होते. पट्टी फिरतेय, खिडकीत कावळा ओरडतोय, तुमचा शिट्टीचा श्वास हळूहळू खाली बसतोय. मला ती सकाळ अजून संपलेली वाटत नाही.

आठवड्यानं तुम्ही घरी आलात आणि पुढची दीड वर्षं मी वहीत तो रकाना आखत राहिले. पट्टीनं आखला, पण सिस्टरच्या रेघेसारखा कधी वाटला नाही.

हे कागद मी त्याच वहीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवणार आहे. दुसरीकडे पाठवू तरी कुठे? पण तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, म्हणून एवढं लिहिते. पहिल्या सकाळी तळहात पुढे केलात तेव्हा तुमची नजर देवाच्या पाण्यावर नव्हती, पंचपात्रात किती आहे त्यावर होती. तहान आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण माझ्यापुढे हात करून, मान वाकवून तुम्ही तीर्थ घेतलंत, तसं मी तुम्हाला जन्मात पाहिलं नव्हतं. मला ते परत बघायचं होतं, अण्णा.